एका नळाची दोन पिंपे

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा ट्रक आहे. नगर शहराबाहेर, दौंड रस्त्याला, एका गॅरेजच्या मागच्या अंगणात मी उभा असतो. माझी पुढची दोन्ही चाके काढून नेली आहेत, त्यामुळे मी नमस्कार केल्यासारखा वाकलेला दिसतो. शाळा सुटली की तुम्ही माझ्यावर चढता आणि भोंगा वाजतो का ते बघता. हा परदेशी ट्रक, लढाई पाहिलेला, याने केवढे पराक्रम केले असतील, असे तुम्हाला वाटते. पराक्रमाचे सांगण्यासारखे माझ्याकडे थोडे आहे. लाज वाटावी असे मात्र पुष्कळ आहे, आणि आज मी तेच सांगणार आहे.

माझा जन्म १९४३ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यांच्या शहरात झाला. दुसरे महायुद्ध चालू होते आणि माझ्यासारखे ट्रक रोज शेकड्यांनी बाहेर पडत. माझे लोखंड जिथे ओतले, त्या भट्टीच्या धगीत बहुतेक सगळे काळे कामगार होते. पुढे एका लख्ख उजेडाच्या दालनात माझे इंजिन जोडले गेले. तिथे सगळे गोरे. एकदा काही काळ्या कामगारांना त्या दालनात बढती मिळाली, तर गोरे कामगार हत्यारे खाली टाकून बाहेर निघून गेले. देश लढाईत होता, तरी गेले. मी तसाच अर्धवट सांगाडा होऊन उभा राहिलो. मला वाटले, माझ्यातच काही बिघाड निघाला असेल. पण माझे लोखंड चांगले होते.

ही काळी माणसे कोण, हे मला पुढे एझ्राने शिकवले. एझ्रा हा माझा पहिला ड्रायव्हर. चोवीस वर्षांचा, उंच, हळू बोलणारा. त्याचे वाडवडील स्वतःच्या पायांनी अमेरिकेत आले नव्हते. त्यांना आफ्रिकेतून पकडून, साखळदंड घालून, जहाजांच्या तळात कोंबून आणले होते. त्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या शेतांवर फुकट राबवून घेतले. एझ्राची आजी चार वर्षांची असताना तिच्या आईला बाजारात उभे करून विकले. आजीला आईचा चेहरा आठवत नसे, फक्त हाताला असलेला साबणाचा वास आठवे. पुढे त्या देशातच मोठे यादवी युद्ध होऊन गुलामगिरी संपली. पण माणसाला विकता येईना, तेव्हा त्याला बाजूला ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. एझ्राच्या गावी शाळा वेगळी, नळ वेगळा, दवाखान्याचे दार वेगळे. बसमध्ये त्याने मागे बसायचे आणि गोरा आला तर तिथूनही उठायचे. याला तिथले लोक कायदा म्हणत.

फौजेतही तसेच होते. आम्ही दक्षिणेकडच्या एका छावणीत असताना एझ्राने माझ्यातून जर्मन युद्धकैदी नेले होते. वाटेत एका खाणावळीपाशी थांबलो. जर्मन कैदी, ज्यांच्याशी अमेरिका लढत होती, ते आत टेबलांवर बसून जेवले. आणि अमेरिकेचा गणवेश घातलेल्या एझ्राला मागच्या खिडकीतून कागदात गुंडाळून पाव मिळाला. तो त्याने माझ्या पायरीवर बसून खाल्ला.

नंतर आम्ही जहाजाने तुमच्या देशात आलो. आसामातून ब्रह्मदेशाकडे डोंगर फोडून लेडोचा रस्ता चालला होता. त्या चिखलात राबणारे निम्म्याहून जास्त अमेरिकी शिपाई काळे होते, आणि त्यांच्यावरचे अधिकारी बहुतेक गोरे. माझ्यावर काम आले पाण्याचे. माझ्या हौद्यात दोन पिंपे ठेवली. एक पुढे, ताडपत्रीच्या सावलीत, गोऱ्यांसाठी. एक मागे, उन्हात, काळ्यांसाठी. दोन्ही पिंपे एझ्राच भरत असे, एकाच नळावर, एकाच बादलीने. त्याच्या हातचे पाणी गोऱ्यांना चालत होते. त्याचे ओठ त्याच पिंपाच्या मगाला लागलेले चालत नव्हते. मी ती दोन्ही पिंपे मुकाट वाहिली. माझी पहिली लाज ती.

एका दुपारी एक गोरा सार्जंट पाणी प्यायला आला. त्याला पाहून एझ्राने हातातली बादली खाली ठेवली. तो सार्जंट गोरा नव्हता, मित्रांनो. तो एझ्राचा सख्खा धाकटा भाऊ होता, लायनेल. गुलामगिरीच्या काळात मालकांनी गुलाम बायकांवर जे जुलूम केले, त्यांची खूण म्हणून काही काळ्या घरांत उजळ रंगाची मुले जन्मत. लायनेल तसा होता. तो घर सोडून दूरच्या शहरात गेला आणि गोरा म्हणून फौजेत भरती झाला. मग त्याला पुढचे पिंप मिळाले, नीट तंबू मिळाला, हाताखाली माणसे मिळाली. फक्त आई आणि भाऊ गेले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आजूबाजूला चार गोरे शिपाई उभे होते.

"घ्या साहेब," एझ्रा म्हणाला आणि त्याने सावलीतल्या पिंपातून मग भरून दिला.

लायनेल प्यायला. रिकामा मग परत केला आणि वळून निघून गेला.

एझ्रा माझ्या चाकामागे येऊन बसला. त्याचा जोडीदार जवळ आला तेव्हा त्याने विचारले, "आईला आता काय लिहू? तो भेटला म्हणून लिहू, की भेटला नाही म्हणून?" जोडीदार बादली उचलून नळाकडे गेला. मला तर बोलताच येत नव्हते.

युद्ध संपले. एझ्रा मायदेशी गेला, पुन्हा बसच्या मागच्या बाकावर बसायला. मी इथेच राहिलो. फौजेने विकलेल्या सामानात माझा लिलाव झाला आणि हात बदलत बदलत मी नगर जिल्ह्यात पोचलो. माझे स्टिअरिंगचे चाक डाव्या बाजूला, म्हणून लोक मला 'डावऱ्या' म्हणू लागले. मी वर्षानुवर्षे ऊस ओढला. एकदा गॅरेजातल्या रेडिओवर ऐकले, की अमेरिकेत काळे लोक बसवर बहिष्कार टाकून वर्षभर पायी चालले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि शेवटी कायदा बदलला. मला फार आनंद झाला. पण त्याच रेडिओवर पुढे हेही ऐकले, की गोऱ्यांच्या आळीत काळ्याला घर मिळत नाही आणि काळ्यांच्या शाळांची छपरे अजून गळतात. पाट्या काढल्या होत्या, पण माणसे जिथे उभी केली होती तिथेच उभी होती.

तेव्हा मी स्वतःशी म्हणालो, बरे झाले, आपण त्या मुलखातून सुटलो. किती भोळा होतो मी!

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. तुमच्यापैकी मोठ्यांना तो आठवत असेल. विहिरी तळाला गेल्या, माणसे खडी फोडायला गेली, आणि पोटाला अमेरिकेची तांबडी ज्वारी आली. माझ्या हौद्यावर लोखंडी टाकी चढवली आणि सरकारने मला पाणी वाहायला लावले. माझा ड्रायव्हर होता सूर्यभान काळे, घोडेगावचा. तिशी ओलांडलेला, हात कसा हलका! गिअर टाकताना मला कधी दुखवले नाही. त्याच्या समोरच्या काचेजवळ बाबासाहेबांची छोटी तसबीर असे. छप्पन सालानंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. रोज सकाळी तो ती तसबीर रुमालाने पुसून मगच मला चालू करी.

आम्हाला श्रीगोंदा तालुक्यातले वाघदरा गाव मिळाले. मी रोज दोन खेपा करून गावच्या विहिरीत पाणी सोडायचे. पहिल्याच दिवशी गावातले वजनदार शेतकरी आप्पासाहेब स्वतः पुढे आले. त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ याने विचारले, "पाव्हणं कुटलं म्हनायचं?"

"घोडेगावचा."

"आडनाव?"

"काळे."

काळे आडनाव कुठल्याही जातीच्या घरात असते. रंगनाथाने आपल्या मनाशी हिशेब लावला आणि हसून म्हणाला, "चला की मग, च्या घ्यायला." सूर्यभान खोटे बोलला नव्हता. खरेही बोलला नव्हता.

आप्पासाहेबांच्या पत्नी मुक्ताबाई यांनी त्याला पाटावर बसवून कपबशीत चहा दिला. पुढे भाकरी, ठेचा, कधी पिठले. सगळे गाव त्याला डायव्हरसाहेब म्हणू लागले. आणि दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट पाहू लागलो. गावाची वेस दिसू लागली की सूर्यभान ती तसबीर काढायचा आणि हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवायचा. ठेवताना तो आरशात पाहत नसे.

नाल्यापलीकडे बौद्धांची वीस घरे होती. त्यांची विहीर केव्हाच आटली होती; उरला होता नाल्याच्या पात्रात खोल खणलेला एक झिरा. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मनाई होती. कायद्यात नव्हती, गावात होती. त्यांच्या बायका लांब दगडांवर घागरी घेऊन बसत. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही आली तर ऊन उतरेपर्यंत बसायचे. आणि पाणी तर मीच आणलेले! सूर्यभानने भरलेले! त्याच्या हातचे पाणी सगळे गाव पीत होते, आणि त्याच्याच माणसांच्या घागरी कोरड्या होत्या.

एक दिवस पाणी सोडणे चालू होते. सूर्यभान एका हातात कपबशी धरून माझ्या टाकीच्या कॉकपाशी उभा होता. दगडांवरून एक म्हातारी उठली आणि थोडी पुढे आली. तिचे नाव भागूबाई.

"बाबा, आमच्या वस्तीकडं बी घोटभर सोड की रं. लेकरं झिऱ्याचं गढूळ पेत्यात."

"भागे, लांब हो," रंगनाथ म्हणाला.

ती लांब झाली नाही. डोळ्यांवर हात धरून ती सूर्यभानकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "आरं, तू घोडेगावच्या चांगुणीचा सूर्यभान न्हवं का? मी भागू मावशी! तुला न्हाऊ घातलंय मी!"

चांगुणा ही सूर्यभानची आई. भागूबाई तिची चुलत बहीण.

सूर्यभानने तोंड टाकीकडे वळवले. आप्पासाहेबांनी मान वर केली. रंगनाथ दोघांकडे आळीपाळीने बघू लागला. म्हातारीने त्या कपाकडे पाहिले, त्या माणसांकडे पाहिले, आणि तिला सगळे समजले.

"न्हाई न्हाई," ती म्हणाली, "डोळं गेल्यात माजं. चांगुणीचा ल्योक ठेंगणा हुता. ह्यो कुनी दुसरा हाय."

आणि रिकामी घागर काखेला मारून ती नाला उतरून गेली. सूर्यभानने तिला हाक मारली नाही. त्याने उरलेला चहा पिऊन टाकला.

मित्रांनो, मी लढाई पाहिली आहे. पण मला त्या चहाइतके भयंकर काही आठवत नाही.

त्यानंतर आठवडाभर तो नीट जेवला नाही. मुक्ताबाईंना सांगे, पोट बिघडलंय. गाडीत बसला की स्टिअरिंगवर डोके टेकवी. तरी वेशीपाशी तसबीर पेटीत जातच होती. लाज वाटणे आणि वागणे बदलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा शिकलो.

मग ती चैत्रातली सकाळ आली. मी भरलेली टाकी घेऊन नाल्याच्या उतारावर होतो. वस्तीतला कानिफनाथ नावाचा गडी हात हलवत समोर धावत आला.

"थांबा, डायव्हरसाहेब! भागूबाय झिऱ्यात उतरली हुती. वरची दरड बसली अंगावर! काढलीय भाईर, पन कंबर गेली. नगरला न्यायला पायजे!"

विहीर तिथून शंभर पावलांवर होती. वाट बघणारे लोक उठून आले. रंगनाथ पुढे होता. "आधी पानी सोड हिरीत. मग जा कुटं जायचं तिकडं. अर्ध्या तासाचं तर काम हाय."

"अर्धा तास न्हाई तिच्याकडं," सूर्यभान म्हणाला.

"तुला काय पडलीया तिची? कोन लागती तुजी?"

माझे इंजिन चालू होते. सूर्यभानने गिअर टाकला.

"मावशी लागती," तो म्हणाला. "माज्या आईची बहीण. मी घोडेगावच्या बौद्धवाड्यातला हाय. तीन म्हयने तुमच्या पाटावर बसून जेवलो. ती समोरनं रिकामी घागर घिऊन गेली, तवा मी च्या पीत हुतो."

आप्पासाहेब खाली मातीकडे बघत राहिले. सूर्यभानने मला वळवले आणि वस्तीसमोर नेऊन कॉक पूर्ण उघडला. भरल्या टाकीनिशी मला चढ जोरात चढता आला नसता. "हंडं आना!" तो ओरडला. "भरंल तेवढं भरून घ्या!" बायका धावल्या. हंडे, घागरी, तपेली, लेकरांच्या हातातल्या वाट्यासुद्धा भरल्या. उरलेले पाणी मातीत गेले. दुष्काळात मातीत जाणारे पाणी पाहून नाल्याच्या दोन्ही काठांवर माणसे रडत होती. त्यांतल्या कुणाला कशाचे रडू येत होते, ते मी सांगू शकत नाही.

भागूबाईला पुढच्या बाकावर निजवले. कानिफनाथाने तिचे डोके मांडीवर घेतले. चढ संपून सडक लागली तेव्हा तिने डोळे उघडले आणि सूर्यभानला म्हणाली, "कशाला बोललास रं? तुला तरी मिळत हुतं त्येंच्या घरातलं. खायाचं गप."

सूर्यभानने मला आणखी जोरात हाकले. गिअर बदलताना त्याचा हात दोनदा चुकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

भागूबाई वाचली, पण पुन्हा सरळ उभी राहिली नाही. बसल्या बसल्या सरकत ती घरात वावरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वाघदऱ्याला गेलो. त्या दिवशी तसबीर काचेजवळच होती. विहिरीत पाणी पडले, तरी दुपारपर्यंत कुणी दोर सोडला नाही. रंगनाथ म्हणत होता, विहीर बाटली. शेवटी मुक्ताबाई हंडा घेऊन आल्या.

"तीन म्हयने त्याच्याच हातचं पेतोय," त्या म्हणाल्या. "आता काय पोटातनं काडून टाकायचं? सरा बाजूला." आणि त्यांनी पाणी शेंदले. मग हळूहळू सगळे आले. तहान लागली होती, दुसरे काय? सूर्यभानकडे कुणी बघितले नाही. मुक्ताबाईंनीही नाही. चहा त्या दिवसापासून बंद झाला.

सूर्यभानने मामलेदारांकडे अर्ज केला. मामलेदार येऊन बघून गेले. त्यांनी हुकूम काढला, की वस्तीत चार मोठी पिंपे ठेवावीत आणि टँकरने तिथे वेगळे पाणी सोडावे. वस्तीच्या लेकरांना चांगले पाणी मिळाले, गावाची विहीर गावाकडेच राहिली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. न्याय झाला, असे लोक म्हणाले. मी मात्र दोन ठिकाणी थांबत थांबत पाणी सोडत राहिलो आणि मनात झुरत राहिलो. एझ्राच्या देशानेही पुष्कळ वर्षे हेच म्हटले होते: वेगळे असले म्हणून काय झाले, पाणी तर मिळते ना!

पाऊस आला, माझे काम संपले. पुढच्या वर्षी माझा गिअरबॉक्स फुटला आणि मला इथे आणून सोडले. सूर्यभान आता दुसरी गाडी चालवतो. एकदा मला भेटायला आला होता. काष्टीच्या बाजाराला जाताना वाट वाकडी करून तो मावशीकडे जातो. तिने त्याला माफ केले का, हे त्याने तिला विचारले नाही. ती मात्र सरकत चुलीपाशी जाते आणि त्याच्यासाठी आधण ठेवते, असे सांगून त्याने रुमाल काढला आणि माझी काच पुसली.

मित्रांनो, मला रंग द्या, माझे सुटे भाग चोरू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी गंजलो तरी चालेल. माझे मागणे वेगळे आहे. आज घरी गेल्यावर फडताळाचा खालचा कप्पा उघडून बघा. किंवा परसातल्या भिंतीचा कोनाडा. तिथे कदाचित एक कप असेल, घरातल्या कपांपासून वेगळा ठेवलेला, कान तुटलेला. घरातले कुणी त्यातून पीत नसेल. तो हातात घ्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "हा कुणाचा?"

मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. उत्तर मिळेपर्यंत तो कप खाली ठेवू नका.